खाल्लेला विडा

आमच्या घरात कुणी कुणाला काम सांगत नसे. काम ताटलीत मांडलं जायचं. दर शनिवारी चारच्या चहाला आमची आत्या पानाचा डबा पुढ्यात ओढायची, अडकित्त्याने सुपारी कातरायची, पानाला चुना-कात लावायची, बडीशेप पेरायची आणि वर लवंग टोचून एकच विडा पितळी ताटलीत घरभर दिसेल असा मधोमध ठेवायची. मग विचारायची, "माळा झाडायचाय. कोण?" किंवा, "वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांचं पाणी आपल्या पापडांवर पडतं. भांडण न करता त्यांना कोण सांगेल?" ज्याने विडा उचलून तोंडात टाकला, काम त्याचं. त्यानंतर त्याला कुणी आठवण करायची नाही, टोमणा मारायचा नाही आणि त्याने स्वतःहून मागितल्याशिवाय मदतही करायची नाही. काम तडीला गेलं की पुढच्या शनिवारी काम ठरवायचा मान त्याचा. विडा परत ठेवायची सोय नव्हतीच. "पोटात गेलं ते गेलं," आत्या म्हणायची, "आता ओकलास तर घाण तुझी तू पुसायचीस." विडा उचलणे हा वाक्प्रचार बाकीची मुलं व्याकरणाच्या पुस्तकात शिकली असतील. आम्ही तो चावून गिळला.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मुलुंड पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत ती, आई, माझा मोठा भाऊ आणि मी असे चौघं राहायचो. सकाळ व्हायची ती लांबच्या कारखान्याच्या भोंग्याने आणि आमच्या मोरीतल्या पिंपात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजाने. शनिवारी दुपारी जेवायला मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि आत्याचं लिंबाचं लोणचं, इतकं मुरलेलं की सालसुद्धा जिभेवर विरघळायची. त्या जागेवर आता तेवीस मजली टॉवर उभा आहे आणि त्यातल्या अकराव्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय. लोणचं विकतचं आणते. विकतचं ते विकतचंच, पण करणार कोण?

बाबा गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. ते घाटकोपरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या जागी आईला घेतलं, पण शिपाई म्हणून, कारण कारकुनासाठी खात्याची परीक्षा द्यावी लागायची. कचेरी तीन मजली. दुसऱ्या मजल्यावर खिडकीला लागून बाबांचं टेबल होतं. तिथे आता दुसरे गृहस्थ बसत आणि आई रोज सकाळी त्या टेबलावर पाण्याचा पेला नेऊन ठेवायची. हे तिने मला फार उशिरा, मी नोकरीला लागल्यावर सांगितलं. तेसुद्धा असं सांगितलं, जणू भाजीवालीने पाव किलो कमी दिलं. लहानपणी मला एवढंच कळायचं की आई घरी आली की पहिला अर्धा तास कुणाशी बोलत नाही.

परीक्षेला तीन संधी मिळत. दोन वेळा आई नापास झाली होती, दोन्ही वेळा इंग्रजीत. बाकी विषयांत चांगली पास. हिशेब, नियम, मराठी मसुदा, सगळं झकास. इंग्रजीचा पेपर आला की वाट लागायची. तिसरी संधी चार महिन्यांवर आली होती. ती गेली की चौथी नाही. मग निवृत्तीपर्यंत पाण्याचे पेले आणि फायलींचे गठ्ठे, जिना वर, जिना खाली.

त्या शनिवारी शाळेतून मी साडेबाराला घरी आले ती धुमसत. नववीच्या सहामाहीत मला इंग्रजीत शंभरात अठरा मिळाले होते. बाईंनी वर्गात उभं करून म्हटलं होतं, "अठरा! वय लिहिलंयस का गं, तेही चुकीचं?" सगळा वर्ग हसला. अजूनही तो हशा आठवला की माझे कान तापतात, आणि मी आता आजी आहे. घरात आले तर आत्या मोरीत कपडे आपटत होती, आई कचेरीतून यायची होती, दादा पलंगावर पुस्तकांच्या ढिगात. आणि पितळी ताटलीत विडा. चार वाजायला साडेतीन तास होते, पण विडा मांडून तयार. घडीच्या कडेतून गुलकंद बाहेर आला होता, इतका भरलेला. मला भूक लागली होती, राग आला होता आणि गुलकंद मला जीव की प्राण. मी उचलला आणि खाल्ला. काम काय आहे हे विचारलंच नाही. असा मूर्खपणा जगात फक्त आमच्याच घरात करता आला असता.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली, रिकामी ताटली पाहिली, माझे लाल ओठ पाहिले.

"खाल्लास?"

"भूक लागली होती."

"बरं मंजू, आता ऐक काय खाल्लंस ते. तुझ्या आईला इंग्रजीत पास करायचंय."

दादा पलंगावरून ताडकन उठला. तो पवईला इंजिनिअरिंगला होता, घरातला हुशार, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या आयांचा आदर्श. "आत्या, काय चाललंय? तो विडा माझ्यासाठी होता ना! हिला स्वतःला अठरा मार्क आहेत."

"तुला कसं कळलं?" मी ओरडले.

"तुझ्या शाळेतली अर्धी मुलं आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतात, बावळट. तुझ्याआधी तुझे मार्क घरी आले." मग आत्याकडे वळून म्हणाला, "आईची शेवटची संधी आहे. खेळ नाहीये हा. मी शिकवतो."

"मग उचलायचास. सकाळी दहापासून ताटलीत होता. तू दोनदा त्याच्यावरून हात नेऊन पाण्याचा तांब्या घेतलास."

दादाने पुस्तक पुन्हा उघडलं. त्याचीही परीक्षा होती. त्याने विडा पाहिला नव्हता असं नाही, पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला विडा ओकून टाकावा असंच वाटलं. दुपारी आई आली, तेव्हा मला वाटलं ती तरी म्हणेल की जाऊ दे, पोर आहे, चुकून खाल्लं. आईने चपला काढल्या, पाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "कधीपासून सुरू करायचं?" मला रडूच फुटलं. आई म्हणाली, "मास्तरीण रडायला लागली तर विद्यार्थिनीने काय करायचं गं?"

सुरुवात माझ्या पाचवीच्या पुस्तकाने केली. संध्याकाळी सातला आई परतायची, साडेसातला कणीक मळायला घ्यायची आणि मी ओट्याशी उभी राहून तिला गाय, इंद्रधनुष्य आणि राजाराणीचे धडे वाचून दाखवायचे. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, साखरेच्या डब्यावर साखरेचं इंग्रजी, मिठाच्या डब्यावर मिठाचं. तिने ते तीन दिवसांत पाठ केलं आणि चौथ्या दिवशी आमटीत बिनधास्त साखर घातली, कारण चिठ्ठ्या मी उलट्या चिकटवल्या होत्या. सगळ्यांनी मुकाट्याने ती आमटी खाल्ली. टोमणा मारायचा नाही हा नियम पाळताना दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

महिनाभरात आम्ही कुठेच पोचलो नव्हतो. एका संध्याकाळी मी तिला चौथ्यांदा तोच धडा विचारला, तिला येईना, आणि मी पुस्तक ओट्यावर आपटून माझ्या बाईंच्या आवाजात म्हणाले, "डोक्यात शिरतं की नाही तुझ्या?" आईने लाटणं खाली ठेवलं. "दिवसभर हेच ऐकून येते मी," ती म्हणाली, "घरी तरी नको." आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. पुढे मी पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मठ्ठातल्या मठ्ठ पोरावरही मी ते वाक्य उच्चारलं नाही. जिभेवर यायचं आणि ती गॅलरी दिसायची.

तवा तापलेला होता. मी गॅस बंद केला आणि मान खाली घालून आपला गणिताचा गृहपाठ काढून बसले. आमच्या रफ वह्या म्हणजे कचेरीची रद्दी. मसुद्यांचे रद्द झालेले, एका बाजूने टंकलेले कागद आई विचारून घरी आणायची, आत्या ते सुईदोऱ्याने शिवायची आणि कोऱ्या बाजूला आम्ही गणितं करायचो. आई गॅलरीतून आत आली, माझ्या मागे उभी राहिली. समजूत काढायला आली असावी. तेवढ्यात मी पान उलटलं आणि ती एकदम म्हणाली, "थांब. हा कागद मी चार वेळा वर नेलाय."

"तुला काय माहीत? इंग्रजी आहे हे."

"अगं, हा शेवटचा शब्द. हा असला की कागद तिसऱ्या मजल्यावर, साहेबांकडे जातो. आणि हा दुसरा, असला की परत खाली."

मी वाचलं. पहिला शब्द होता फॉरवर्डेड, दुसरा रिटर्न्ड. मी दुसरा कागद काढला. "आणि हा?" "हा असला की लाल शिक्का. मग हिशेबनिसाकडे." तो शब्द होता सँक्शन्ड. आईला शब्द वाचता येत नव्हते, पण ती ते ओळखत होती, रस्त्यातल्या माणसांसारखे. कोण कुठल्या मजल्यावर राहतो, कुणाला बघून साहेब चिडतात, कोण आला की फाईल महिनाभर हलत नाही, हे सगळं तिला पाच वर्षांच्या जिन्यांनी शिकवलं होतं. आणि मी शहाणी तिला गाय शिकवत होते!

गाय त्याच दिवशी सोडून दिली. भिंतीवर खडूने तीन मजले काढले, भिंत खराब झाली तरी आत्याने ब्र काढला नाही, आणि जुन्या रफ वह्या उसवून एकेक क्रियापद आम्ही त्याच्या मजल्यावर राहायला पाठवायला लागलो. सबमिट खालून वर. रिजेक्ट वरून खाली. रिमाइंड दर पंधरा दिवसांनी त्याच जिन्याने पुन्हा. पोळी लाटता लाटता आई मला म्हणायची, "विचार, विचार," आणि मी विचारायच्या आत तिसरा मजला गाठायची. हसायची. कचेरीतून आल्यावरचा तो मुका अर्धा तास कधी बंद झाला ते आमच्या लक्षातही आलं नाही.

एक शब्द मात्र अडला. अंडरटेक. तो बऱ्याच कागदांवर होता. मी मजला विचारला तर आई गोंधळली. "हा शब्द असलेला कागद कुठेच जात नाही गं," ती म्हणाली. "ज्याच्या टेबलावर आला त्याच्याकडेच राहतो. तो माणूस खाली सही करतो, आणि मग काम होईपर्यंत सगळे त्यालाच विचारतात."

मी बाबांचा जुना शब्दकोश काढला. त्यात दिलं होतं : हाती घेणे, अंगावर घेणे, करण्याचे वचन देणे. मी मोठ्याने वाचलं. अडकित्ता चालवता चालवता आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "म्हणजे विडा."

आईने कपाळावर हात मारला. "मग असं आधी सांगायचं ना!" ती म्हणाली. त्यानंतर त्या शब्दाचा तिने फडशाच पाडला. "चहा अंडरटेक करता येतो का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, चहा प्यायचा असतो. "आणि तीनशे माणसांचा चहा?" मी म्हटलं, करायचा असेल तर चालेल. "म्हणजे एका घोटात संपतं त्याला नाही चालत. ज्याची थोडी धास्ती वाटते त्याला चालतं." माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत या शब्दाचा वापर यापेक्षा चांगला कुणी सांगितला नाही. आता नातवंडं फोनवर बोट फिरवून पाच अर्थ काढतात. काढोत बापडी. धास्तीचा अर्थ त्या फोनमध्ये नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मला कळून चुकलं की सराव पेपर काढणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणजे मदत मागायची, आणि तीही दादाकडे. दोन दिवस मी अडून बसले. तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन भिंतीकडे बघत म्हणाले, "पेपर काढून दे." मला वाटलं होतं हसेल. तो म्हणाला, "किती वाट बघायला लावतेस गं," आणि उशीखालून तीन पेपर काढले. आलेखाच्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, महिन्याभरापूर्वीच तयार करून ठेवलेले. नियम म्हणून तो थांबला होता. पहिल्या पेपरात आईला एकतीस मिळाले, दुसऱ्यात चव्वेचाळीस, तिसऱ्यात अठ्ठावन्न. पास व्हायला पन्नास लागत. दादा एक मार्क फुकट देत नसे. आईही मागत नसे.

परीक्षेच्या दिवशी आत्याने दही-साखर हातावर ठेवली. मी शाळेला दांडी मारून आईबरोबर गेले आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली तीन तास उभी राहिले. नखं सगळी खाऊन झाली. ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही रस्ता ओलांडला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पाच क्रियापदं दिली होती, वाक्यात उपयोग करा. शेवटचं कुठलं होतं सांग."

"कुठलं?"

"आपलं!"

"अंडरटेक? काय लिहिलंस? आई, काय लिहिलंस?"

भर रस्त्यात, उसाच्या गाडीपाशी उभी राहून माझी आई खणखणीत आवाजात म्हणाली, "माय डॉटर अंडरटुक टु टीच मी." उसवाल्याने मान वर करून पाहिलं. मी नुसती तिचा हात हलवत राहिले. घरी दादाला वाक्य म्हणून दाखवलं तर तो पंखा पुसत होता, तसाच स्टुलावर उभा राहून त्याने ते दोनदा मनात म्हटलं. "काढ चूक," आई म्हणाली. "काढ ना." त्याला सापडली नाही.

निकाल दोन महिन्यांनी लागला. आई शुक्रवारी तासभर लवकर घरी आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "त्रेसष्ट." एवढंच. आत्या देवासमोर जाऊन बसली ती बराच वेळ उठली नाही. दादाने मला उचलून गरागरा फिरवलं, माझा पाय लागून पितळी ताटली खणखणत खाली पडली, आणि शेजारची काकू काय फुटलं म्हणून धावत आली. "फुटलं नाही, पास झालं!" मी ओरडले. आईला आवक-जावक विभागात टेबल मिळालं, तळमजल्यावर, दाराजवळचं. पहिल्या दिवशी नव्या शिपायाने पाण्याचा पेला आणला तेव्हा ती सवयीने उठून उभी राहिली आणि त्याच्या हातून पेला घेतला. पुढे निवृत्त होईपर्यंत तिने पेला कधी बसून घेतला नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शनिवार. काम ठरवायचा मान माझा. चार वाजता आत्या डबा घेऊन बसली. मी म्हटलं, "गुलकंद भरपूर घाल."

दादा म्हणाला, "मला नको हां गुलकंद. मी गुलकंदाचा विडा कधी उचललाय का? मळमळतं मला."

मी त्याच्याकडे बघितलं. मग आत्याकडे. सहा महिन्यांपूर्वीचा तो विडा, दादासाठी म्हणून मांडलेला, घडीतून गुलकंद ओघळणारा, चारच्या चहाऐवजी सकाळी दहापासून मांडलेला. "आत्या," मी म्हटलं, "तो विडा कुणासाठी होता गं?"

आत्या सुपारी कातरत राहिली. "ज्याने खाल्ला त्याच्यासाठी," ती म्हणाली. "काम सांग तुझं."

मी काम ठरवून ठेवलं होतं. "दहावीला," मी म्हटलं, "मंजूला इंग्रजीत पास करायचंय. कोण?"

दादाचा हात पुढे झाला. या वेळी खरंच झाला, गुलकंद असूनसुद्धा. पण आई त्याच्या आधी पोचली. ओट्यापासून दोन ढांगांत आली, कणकेच्या हातानेच विडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला. आमच्या घरात आईने विडा उचलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं; सगळी कामं तशीही तिच्याच अंगावर असायची, मांडायची गरज पडायची नाही. गाल फुगलेले, गुलकंद हनुवटीवर, डोळ्यांत पाणी की हसू ते कळत नव्हतं. तिने घास अर्धा गिळला, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली :

"आय अंडरटेक."